सरळ पळणारी

"हिच्या मागे उभं राहिलं का मले बॉलच दिसत नाही," दीक्षा कुरकुरली. कुणाला उद्देशून असं नाही. पायाला पॅड बांधता बांधता पॅडच्या पट्ट्याशीच बोलल्यासारखी. गोलकीपर हा प्राणीच मुळात कुरकुरा. पॅड ओले आहेत, ऊन डोळ्यांवर येतं, पुढच्या पोरी ऐकत नाहीत, हेल्मेटमध्ये कोणीतरी तेल लावलेलं डोकं घातलं होतं. इतकी वर्षं एका संघात काढल्यावर अशा कुरकुरीकडे कोणी लक्ष देत नाही; घरातल्या पंख्याच्या आवाजाकडे कुठे देतो. रितिका तिच्यापासून हातभरावर वाकून बुटाची लेस बांधत होती, आणि तिनंही लक्ष द्यायचं काही कारण नव्हतं. पण लेसची गाठ बोटांत तशीच अर्धी राहिली. दीक्षाला बॉल दिसत नाही, कारण मध्ये रितिका असते. आणि रितिकाला? ओल्या फरशीवर पाय थबकावा तसा तिचा विचार तिथं थबकला, कारण पुढचं वाक्य तिनं आजवर मनातल्या मनातही पुरं केलं नव्हतं. म्हणजे मग बघतं कोण? मागची बघत नाही, पुढची बघत नाही, आणि सदर भागातल्या मैदानावर बाकांवर बसलेले चार लोक टाळ्या वाजवतात. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

हॉकीत पेनल्टी कॉर्नर मिळाला की वाचवणाऱ्या संघाच्या चौघी आणि गोलकीपर गोलाच्या रेषेमागे उभ्या राहतात. त्याच रेषेवरून, गोलापासून काही अंतरावरून, बॉल बाहेर ढकलला जातो, समोर गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे डीच्या, टोकाशी एकजण तो थांबवते, आणि दुसरी तो स्टिकवर ओढून घेत अंगातला सगळा जोर लावून गोलाकडे भिरकावते. बॉल ढकलला गेला की चौघींतली एक सरळ त्या भिरकावणारीच्या अंगावर धावून जाते. तिला रशर म्हणतात. तिचं काम बॉल अडवणं असं शिकवतात; खरं काम म्हणजे मध्ये असणं. गोल वाचला तर गोलकीपरचा फोटो येतो, झाला तर मारणारीचा. रशर दोन्ही फोटोंत असते, पाठमोरी. रितिका चाफले ही विदर्भातली सगळ्यात सरळ पळणारी रशर होती. बाकीच्या पोरी कितीही धीट असल्या तरी बॉल उचलला गेला की अंग चोरतात, अगदी जरासं. खांदा फिरतो, पाऊल बाहेर पडतं. त्यात कोणाचा दोष नाही. डोळ्यांना दिसलं की अंग आपणच बाजूला होतं. रितिकाचं अंग बाजूला होत नसे, कारण समोर स्टिकवर बॉल थांबल्याचा टक असा आवाज झाला की ती डोळे मिटून घेत असे. पुढची पावलं अंधारात. त्या अंधारात तिचं स्वतःचं श्वास घेणं तेवढं मोठ्यानं ऐकू येई, मग कुठंतरी, मांडीवर, पोटरीवर, बरगडीवर, धप्प. किंवा काहीच नाही. काहीच नाही हे जास्त वाईट. धप्प झालं की निदान संपलेलं असतं.

आज मात्र, त्या कुरकुरीमुळे म्हणा किंवा परवा हॉकी लीगसाठी रांचीला जायचं आहे म्हणून म्हणा, सरावाच्या शेवटच्या कॉर्नरला तिनं डोळे उघडे ठेवले. ठरवून. पापण्या जशा काही बोटांनी धरून ठेवल्या. टक झालं, आणि तिला दिसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं, की भिरकावणारी पोरगी किती खाली वाकते, तिचा मागचा पाय कसा घासत येतो, आणि मग तिच्या स्टिकवरून तो पांढरा गोळा निघतो तो येत नाही, वाढतो. एका जागी राहून वाढत जातो, चिंचोक्याएवढा, लिंबाएवढा, आणि मध्ये काही अंतरच उरत नाही. रितिका बाजूला झाली. ती झाली असं म्हणणंही खरं नाही. तिला कळलं तेव्हा ती बाजूला होऊन गेलेली होती आणि कानाजवळून काहीतरी फाडत गेल्यासारखा आवाज मागे जाऊन फळीवर आदळला होता. गोलातून बॉल काढून आणता आणता दीक्षा काहीच बोलली नाही. ओले पॅड आणि तेलाचं डोकं यांवर तासभर बोलणारी दीक्षा. गणपतराव सरांनी शिट्टी वाजवली, घड्याळात बघितलं, थकली असशील म्हणाले, आता आराम कर, परवाचा प्रवास आहे. सर असं कोणाला म्हणत नाहीत. चुकलेल्या पोरीला सर मैदानाभोवती पळवतात.

विधानभवनात अधिवेशन चालू होतं, त्यामुळे अर्धं शहर बांबूंनी अडवलेलं. स्कुटी घरी ठेवून ती आठवडाभर मेट्रोनंच येत-जात होती. सीताबर्डीला गाडी बदलली तेव्हा उभं राहायला काचेजवळ जागा मिळाली. डिसेंबरची थंडी, लोकांच्या अंगावर स्वेटर, कोणीतरी संत्रं सोलत होतं त्याचा वास सगळ्या डब्यात. पण तिला धड उभं राहवेना. दुपारपासून प्रत्येक गोष्ट तिच्या तोंडाकडे येत होती. पुढच्या माणसाच्या बॅगेचा कोपरा. फोन धरलेलं कोपर. संत्र्याचं साल फेकायला उचललेला एका बाईचा हात, ज्यानं ती दचकली आणि बाई ओशाळून म्हणाली, नाही गं बाई, तुझ्यावर नाही टाकून राहिली. डोळे उघडे ठेवणं म्हणजे हे असतं तर लोक दिवसभर कसे काढतात? तिनं काचेला कपाळ टेकलं. स्टिकची पिशवी दोन पायांमध्ये घट्ट धरली. परवा सकाळची गाडी. मग शिबिर. मग सामने, दिव्यांच्या उजेडात, टीव्हीवर, आणि समोर बॉल भिरकावणाऱ्या त्या बाहेरदेशच्या पोरी, ज्यांच्या मनगटांचे व्हिडिओ भावानं, रजतदादानं, तिला हौसेनं दाखवले होते. इथल्या पोरीचा बॉल वाढतो. त्यांचा बहुतेक वाढतसुद्धा नसेल. असेल किंवा नसेल.

आणि हे सगळं सुरू झालं ते ती मागे सरकण्यात मंद होती म्हणून. सोळा वर्षांची होती. संघात होती म्हणजे कुठं होती, तर बाकावर. उजव्या बाजूची बदली खेळाडू, कोणाचा पाय मुरगळला तर. पाणी भरून आणायची, सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करायची. गणपतराव सरांना तिचं नाव येत नसे. तिच्याकडे एकच पिवळा टी-शर्ट होता म्हणून ते तिला ए पिवळी म्हणत, आणि ती निळा घालून आली तरी पिवळीच म्हणत. त्या आठवड्यात भैरवीताईचा जबडा मोडला होता. भैरवी संघाची रशर, सगळ्यांत मोठी, सगळ्यांत हसरी. त्या वेळी मास्कबिस्क कोणी घालत नसे. बॉल लागला तेव्हा फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि भैरवीताई ओरडलीच नाही, नुसती खाली बसून गवतात काहीतरी शोधायला लागली. दात शोधत होती हे नंतर कळलं. पुढच्या सोमवारी सरांनी नवे मास्क आणले, गोलाजवळ ठेवले आणि विचारलं, कोण पळणार? कोणी हात वर केला नाही. सगळ्या पोरी एक पाऊल मागे झाल्या. रितिका त्या वेळी हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण बसवत होती. तिनं वर बघितलं तेव्हा ती एकटीच पुढे उभी होती. ठीक आहे पिवळी, सर म्हणाले. तिला नाही म्हणता आलं नाही, कारण नाही म्हणायला आधी तिला बोलता यायला हवं होतं. ती पळाली, टक झालं, भैरवीताई गवतात शोधताना दिसली, आणि तिनं डोळे मिटून घेतले. धप्प, मांडीवर. कॉर्नर वाचला. पोरी येऊन पाठीत गुद्दे घालायला लागल्या, आणि सरांनी विचारलं, काय नाव तुझं? त्या प्रश्नासाठी माणूस काय काय करेल. मार खायला तयार होईल. सोळाव्या वर्षी तर नक्कीच.

त्यानंतर काळेनिळे डाग हीच तिची ओळख झाली. घरी आई, शामला, सहाणेवर रक्तचंदन उगाळून लावायची. दुखते का, एवढंच विचारायची. कसं लागलं, हे शामलानं कधी विचारलं नाही. आता काचेला कपाळ टेकून उभी असताना रितिकाच्या लक्षात आलं की खरंच कधी विचारलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर दहा प्रश्न विचारणारी बाई. बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. भैयाजी चाफल्यांना त्या गल्लीत सगळे ओळखतात. गिऱ्हाइकानं भांडं हातात घेतलं की ते त्यावर टिचकी मारून आवाज ऐकवतात, बघा, आहे का कुठं खोट. पोरगी रशर झाल्यापासून ते गिऱ्हाइकांना तिचंही ऐकवायला लागले. आमची पोरगी पितळेची आहे गा, पोचा येईन पण फुटणार नाही. एकदा ती दुकानात बसली असताना भैरवीताई डबा घ्यायला आली होती. बँकेत लागली होती, लग्न ठरत होतं. चहा पिताना तिनं मान एका बाजूला कलती केली, म्हणजे घोट चांगल्या बाजूनं जाईल. बाबा पितळेचं सांगत होते. भैरवीताई हसली, जेवढं हसता येत होतं तेवढं, आणि जाता जाता रितिकाच्या गालावर हात ठेवून म्हणाली, मास्क नीट बसते ना? रितिका हो म्हणाली. भैरवीताईचा हात तिथंच राहिला, आणखी काहीतरी विचारायचं असल्यासारखा. मग तिनं डबा उचलला आणि गेली.

ती काय विचारणार होती? हा प्रश्न त्या वेळी रितिकाला पडला नव्हता. आता पडला, आणि एक पडला की त्याच्या मागून दुसरे यायला लागले, एकमेकांना ढकलत. भैरवी स्वतः रशर. मास्कला डोळ्यांच्या जागी भोकं असतात, आणि त्या भोकांमागे काय चाललंय हे आपल्याशिवाय कोणाला दिसत नाही अशा हिशेबानं रितिका इतकी वर्षं निर्धास्त होती. पण जिच्या अंगावर आपण धावून जातो तिला दिसत असणार की. रोजच्या सरावात बॉल भिरकावणाऱ्या आपल्याच संघातल्या पोरी. त्यांना काय आंधळ्या समजलो होतो आपण? आणि आई. आई एकदाच सामना बघायला आली होती, मैत्रिणीकडून गॉगल मागून, आणि पोळ्यांचा डबा घेऊन पलीकडच्या बाजूला बसली होती, म्हणजे रितिकाच्या अगदी समोर. त्या दिवशी चार कॉर्नर वाचले. त्यानंतर तिला कधी ऊन सोसलं नाही, कधी गुडघा दुखला, कधी पाहुणे येणार होते. पुन्हा ती मैदानावर आली नाही.

सुभाष नगर गेलं का, कोणीतरी विचारत होतं. रितिकाला पत्ता नव्हता. ती रजतदादाच्या व्हिडिओंमध्ये होती. दादा मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. सुटीच्या दिवशी मैदानावर येऊन फोनवर तिचं पळणं टिपायचा, घरी बसून कापायचा, जोडायचा, खाली गाणं टाकायचा. त्या तुकड्यांमुळेच तर सगळं झालं. राज्याच्या निवड समितीला जी कधी दिसली नाही, जिला कोणत्या शिबिराचं बोलावणं आलं नाही, तिचे ते तुकडे फिरत फिरत या लीगच्या एका संघाच्या माणसापर्यंत पोचले. त्यांची रशर गुडघ्यामुळे घरी बसलेली, खेळाडूंचा लिलाव होऊन गेलेला, आणि त्यांना कोणीतरी तातडीनं हवी होती. फोन आला तेव्हा तो माणूस हिंदीत म्हणाला होता की इतकी सीधी दौडनेवाली लडकी आम्ही बघितली नाही, ही हलतच नाही. बाबांनी तो फोन स्पीकरवर टाकला होता आणि शेजारच्यांना बोलावलं होतं. आणि ते सगळे तुकडे गोलाच्या मागून घेतलेले. तिची पाठ, तिच्या पलीकडे बॉल. एकही समोरून नाही. दादानं कधी समोरून घेतलेच नव्हते का? घेतले होते. समोरच्या बाजूला उभा राहिलेला दादा तिला स्पष्ट आठवत होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात शेंगदाण्याची पुडी. ते कुठं गेले?

आणि सर. बॉलवर नजर, बॉलवर नजर, हे सर दिवसातून शंभरदा ओरडतात. नव्या पोरींना, जुन्या पोरींना, गोलकीपरला, एकदा तर मैदानात शिरलेल्या कुत्र्याला. सदरच्या कोणत्याही पोरीला झोपेतून उठवून विचारा, सर काय म्हणतात, ती हेच सांगेल. रितिकाला ते हे कधीच म्हणाले नाहीत. तिला वाटायचं, आपल्याला सांगावं लागत नाही. तिला त्याचा अभिमान वाटायचा, हे आता आठवून तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि दीक्षा. कॉर्नर संपला, बॉल बाहेर गेला की दीक्षा मागून जोरात ओरडते, झालं! दुसरी कोणतीच गोलकीपर असं ओरडत नाही. बाहेरच्या संघातल्या पोरी तिची नक्कलही करतात. दीक्षाची आपली सवय, असं सगळे म्हणतात, रितिकाही म्हणायची. त्या ओरडण्यावर रितिका डोळे उघडते. तिनं तो आवाज पावसात, धुक्यात, ढोलताशांत शोधून काढलेला आहे. तो आला की अंधार संपतो. ती सवय दीक्षाला कधी लागली? भैरवीताईच्या वेळी दीक्षा असं ओरडायची का? नाही. रितिका बाकावर बसून असायची तेव्हा. तिनं ऐकलेलं नाही. म्हणजे दीक्षानं ते तिच्यासाठी सुरू केलं. कोणी कोणाला काही न सांगता, भिंतीतली ओल झाकायला पुढे कपाट सरकवावं तसं सगळ्यांनी मिळून काहीतरी सरकवलं होतं, आणि तिला वाटत होतं की ओल तिला एकटीलाच दिसते.

घाबरायचं खरं तर आता काय कारण होतं? गुपित फुटलेलंच होतं, किंवा कधी नव्हतंच. पण भीती अशी चालत नाही. आत्तापर्यंत तिला बॉलची भीती वाटत होती; बॉल लहान असतो, कॉर्नर लवकर संपतो. आता तिला घरी जायची भीती वाटायला लागली. ज्यांना माहीत आहे अशी माणसं संध्याकाळी घरी जमणार होती, तिच्यासाठी, चहाला. आईनं सकाळीच वड्यांसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला घेतलं होतं. ते सगळे तिच्याकडे बघून हसतील, आणि परवा सकाळी तिला गाडीत बसवून देतील, आणि रांचीला दीक्षा नसेल. तिकडं कोणीतरी अनोळखी पोरगी मागे उभी असेल, तिला काय ठाऊक की ओरडायचं असतं. तिला स्वतःच्या गालाच्या हाडावर बोट फिरवावंसं वाटलं आणि तिनं फिरवलं. किती पातळ असतं ते. एखाद्या कपाच्या कडेइतकं.

घरी पोचली तेव्हा चपलांची रांग दारापर्यंत आली होती. प्रताप नगरातलं त्यांचं घर लहान, पण हॉल रस्त्याकडे, म्हणून आत हसलेलं फाटकापर्यंत ऐकू यायचं. गणपतराव सर मोठ्या खुर्चीत, शाल पांघरलेले. ती शाल तिला द्यायला आणली होती आणि थंडी वाजते म्हणून तात्पुरती स्वतः घेतली होती. दीक्षा दिवाणाच्या कडेवर, ओल्या केसांची, तिच्याकडे न बघता सरकून जागा करून देणारी. रजतदादा फोन चार्जिंगला लावत होता. बाबा सरांना पितळेचं सांगत होते आणि सर, ज्यांनी ते पन्नासदा ऐकलं असेल, नव्यानं मान डोलवत होते. स्वयंपाकघरातून तळणाचा वास. सांबारवड्या गरम गरम येत होत्या आणि आई प्रत्येक घाणा काढून झाऱ्यासकट दारात येऊन बघून जात होती की पुरल्या का. सरांनी रितिकाला डोक्यावर हात ठेवून बसवलं आणि सांगायला सुरुवात केली की भैयाजी, मी आयुष्यभर पोरी खेळवल्या, पण अशी एक. बाकीच्या पोरी पळतात अन् हिशेब करतात. ही हिशेबच करत नाही. तिकडच्या कोचनं मला फोनवर विचारलं, हिला शिकवलं काय तुम्ही? मी म्हणालो, हे शिकवता येत नाही, हे पोटातून घेऊन यावं लागते. बाबांचे डोळे भरून आले. रजतदादानं टाळी वाजवल्यासारखं काहीतरी केलं. रितिकाच्या हातात कोणीतरी बशी दिली होती. वडीच्या आतलं सांबार हिरवंगार, वाफाळतं. तिला एकदम वाटलं की आत्ता बोलली नाही तर परवा गाडीत बसेल, आणि गाडीत बसली तर पळेल, आणि पळाली तर मिटेल.

"सर," ती म्हणाली, "मी डोळे मिटते."

तिला वाटलं होतं काहीतरी होईल. बशी पडेल, निदान कोणी तरी म्हणेल, काय? ज्याला माहीत नसतं तो विचारतो. कधी मिटते, कुठं मिटते, झोपताना का, असं काहीतरी तरी विचारतो. कोणी विचारलं नाही. सरांनी वडीचा एक तुकडा तोडला आणि तो कढीत बुडवून नीट फिरवला. दीक्षानं केसांचं पाणी पिळलं. रजतदादानं फोन चार्जिंगचा काढला आणि पुन्हा लावला. आत तेल तडतडत होतं, आणि रितिकाला कळलं की मगाशी मेट्रोत जे तिनं एकेक करून जुळवलं ते सगळं खरं होतं. तिला ते खरं नसायला हवं होतं. खोटं निघावं म्हणूनच ती बोलली होती बहुतेक.

मग सगळे एकदम बोलायला लागले. सर म्हणाले, तिकडं मोठे कोच आहेत, बाहेरदेशचे, असल्या बारीकसारीक गोष्टी ते दोन दिवसांत बसवून देतात. रजतदादा म्हणाला, मास्कसुद्धा तिकडं एकदम वेगळे मिळतात, दोन थरांचे, त्यानं वाचलं होतं. बाबा हसले, मोठ्यानं, दुकानातलं हसू, आणि म्हणाले, अवं वाघबी झेप घेताना डोळे मिटत असन, कोणी जाऊन पाह्यलं का? सरांना ते फार आवडलं, त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं. दीक्षा हसली नाही. ती रितिकाच्या बशीकडे बघत होती, आणि तिची हनुवटी लहान मुलासारखी हलत होती.

"आज मी उघडे ठेवले," रितिका म्हणाली. आवाज तिचा नव्हताच जणू, कुठूनतरी खालून येत होता. "तर मी बाजूले झाली."

थकली होती तू, सर म्हणाले. मी तिथंच होतो ना, मला दिसलं. आठवडाभर किती पळवलं मी तुला. एक दिवस झोप काढ, गाडीत झोप काढ, पाय मोकळे होतील. हो ना भैयाजी? बाबा म्हणाले, हो तर. थंडी बी किती आहे. रजतदादा म्हणाला, अन् तिकडं गेल्यावर तो दोन थरांचा मास्क तर मिळणारच आहे.

शामला दारात उभी होती. कधीची उभी होती कोणाला माहीत. झाऱ्यातून तेलाचे थेंब फरशीवर पडत होते आणि तिकडे तिचं लक्ष नव्हतं, तिचं, जिला फरशीवर पाण्याचा डाग चालत नाही. आत घाणा करपायला लागला होता. ती सरांकडे बघत नव्हती, बाबांकडेही नाही. रितिकाकडे बघत होती, समोरून, जशी त्या दिवशी मैदानाच्या पलीकडून बघत असेल तशी.

"थकली नव्हती ते," ती म्हणाली. "भेली होती."

अवं शामला, बाबा म्हणाले.

"पाच वर्षं झाले, सगळ्यायले माहीत आहे. मले बी." तिनं झारा दुसऱ्या हातात घेतला, जड झाल्यासारखा. "पोरगी भेते, अन् आपण तिले पळवून राहिलो."